पावसाळ्यात पुसली जाणारी चित्रं

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ज्याचा बॅकअप नाही ते गेलंच म्हणून समजायचं. नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो लोकांची 'उली' ही चित्रकला बरोब्बर उलट चालायची. पुसलं जाणं तिथे गृहीतच धरलेलं. मग ती आजच्या संग्रहालयांपर्यंत पोचली कशी?

उली काढायच्या त्या बायका. झाडाच्या शेंगांचा रस काढून अंगावर नक्षी; ती मेंदीसारखी आठेक दिवसांत उतरायची. घरांच्या भिंतींवर मातीचे रंग. पावसाळ्यात ते धुऊन जायचे, की पुन्हा नव्याने काढायचं. अजगराचं वेटोळं, कोला फळाच्या फोडी, चंद्रकोर... मोजक्या रेषा आणि भरपूर मोकळी जागा.

अजगर का? तर तो 'अला' या भूदेवीचा दूत. ओवेरीच्या बाजूला अलासाठी 'म्बारी' बांधत. म्हणजे मातीच्या पुतळ्यांनी भरलेलं अख्खं घर. महिनोनमहिने खपून ते पूर्ण करायचं आणि नंतर चक्क सोडून द्यायचं! डागडुजी नाही, काही नाही. देवीची सेवा म्हणजे ते बांधणं, बांधलेलं टिकवणं नव्हे.

पुढे मिशनरी शाळा आल्या, अंगभर कपडे आले, सिमेंटच्या भिंती आल्या. उलीला जागाच उरेना.

इथे येतात उचे ओकेके (1933–2016). त्यांची आई स्वतः उली काढायची. झारियाच्या कॉलेजात मात्र शिक्षण सगळं ब्रिटिश पद्धतीचं. 1958 मध्ये ओकेके, डेमास न्वोको, ब्रूस ओनोब्राकपेया वगैरे मित्रांनी झारिया आर्ट सोसायटी काढली. 1960 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, ओकेके यांनी 'नॅचरल सिंथेसिस' हा जाहीरनामा लिहिला. बाहेरचं सरसकट फेकू नका आणि जुन्याची नक्कलही करू नका, दोन्ही पचवून आपलं काहीतरी करा, असा त्याचा सूर. 1962 च्या त्यांच्या 'ओजा' चित्रमालेत उलीची रेषा कागदावर शाईने उतरली.

मग 1967 ते 1970 बियाफ्राचं युद्ध. इग्बो हरले. लाखो माणसं गेली, त्यातली कितीतरी भुकेने. युद्धानंतर ओकेके न्सुक्का विद्यापीठात शिकवायला आले आणि उली अभ्यासाचा विषय झाली. विद्यार्थी गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन नक्षी टिपू लागले. त्यांचे शिष्य ओबिओरा उदेचुक्वू यांनी तर त्याच रेषेत युद्धाच्या झळा सोसलेली साधी माणसं काढली.

आता यातलं खुपणारं. गॅलरीत नावं दिसतात ती ओकेके, उदेचुक्वू यांची. भिंती रंगवणाऱ्या बहुतेक बायका मात्र निनावीच राहिल्या. आणि जी कला हातातून हातात, दरवर्षी नव्याने जायची, ती काचेमागे स्थिर झाली.

पण 1970 साली, सगळं उद्ध्वस्त झालेलं असताना, दुसरं काय करता आलं असतं? मला तरी ओकेके यांचंच पटतं. फक्त एवढं लक्षात असू द्यावं, की बॅकअप झाला तो नक्षीचा. दर पावसाळ्यानंतर पुन्हा भिंतीपाशी बसायची सवय त्यात आली नाही.