आंतरराष्ट्रीय सुरक्षा-अध्ययन
राष्ट्राराष्ट्रांमधील संघर्षांची कारणे, युद्ध टाळण्याचे मार्ग, शस्त्रनियंत्रण आणि शांततेची व्यवस्था यांचा पद्धतशीर अभ्यास करणारी राज्यशास्त्राची शाखा. पहिल्या महायुद्धातील संहारानंतर या विषयास विद्यापीठीय प्रतिष्ठा लाभली. १९१९ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अध्यासन निर्माण झाले. १९२० मध्ये लंडन येथे या विषयाला वाहिलेली, पुढे चॅटम हाउस म्हणून ओळखली जाणारी, संस्था स्थापन झाली.

भारतात या अभ्यासाच्या वाटेत मोठी अडचण होती. १९३५ च्या कायद्यानेही संरक्षण व परराष्ट्रव्यवहार ही खाती गव्हर्नर-जनरलच्या हाती राखून ठेवली होती. ज्या विषयाची जबाबदारी नाही, त्याची माहितीही भारतीयांना सहसा मिळत नसे. ही उणीव दूर करण्याच्या हेतूने १९४३ मध्ये दिल्लीत ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’ ही बिनसरकारी संस्था निघाली. पुण्यात १९०५ मध्ये स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष हृदयनाथ कुंझरू (१८८७–१९७८) यांनी दीर्घ काळ तिचे अध्यक्षपद सांभाळले. तिच्याच विद्यमाने १९४७ मध्ये आशियाई संबंध परिषद भरली आणि १९५५ मध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज ही उच्चशिक्षणसंस्था सुरू झाली. ती १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात समाविष्ट झाली.

१९६२ च्या चीन युद्धातील पराभवाने केवळ लष्करी सज्जतेतीलच नव्हे, तर विचारातीलही उणीव उघडी पाडली. त्या वर्षी संरक्षणमंत्री झालेले ⇨ यशवंतराव चव्हाण (१९१३–८४) यांच्या कारकीर्दीत, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी, नवी दिल्ली येथे संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. के. सुब्रह्मण्यम यांच्या संचालकत्वाखाली अण्वस्त्रांचा प्रश्न, संरक्षणखर्च व शेजारी राष्ट्रांची धोरणे यांची तेथे चिकित्सा झाली. २०२० मध्ये या संस्थेस गोव्याचे मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाने संरक्षण व सामरिकशास्त्र हा स्वतंत्र विभाग चालविला.

नागपूरचे या क्षेत्रातील स्थान निराळे आहे. या शहरी वायुदलाच्या अनुरक्षण विभागाचे मुख्यालय असून जवळच कामठी ही जुनी लष्करी छावणी आहे. १९५७ मध्ये येथे आपत्कालीन साहाय्याचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था निघाली. ⇨ नागरी संरक्षणविषयक कायदा झाला त्याच वर्षी, म्हणजे १९६८ मध्ये, तिला राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय हे नाव मिळाले. हवाई हल्ला, अण्वस्त्र वा विषारी वायू यांपासून नागरिकांचा बचाव हा तिचा विषय होता. पुढे ती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या प्रबोधिनीत विलीन झाली. सुरक्षा हा केवळ सीमेवरील सैनिकांचा प्रश्न नसून सामान्य नागरिकाच्या जीविताचाही प्रश्न आहे, ही जाणीव या संस्थेच्या कार्यातून स्पष्ट होते. मात्र युद्ध व शांतता यांविषयीच्या धोरणाची चर्चा प्रामुख्याने दिल्लीतच होत राहिली आणि १९२३ पासून विद्यापीठ असलेल्या या शहरातील अभ्यासकाला तीत भाग घेण्यासाठी लांबचा प्रवास करावा लागे.

२०२० मधील कोविड-१९ च्या साथीत सभागृहे बंद पडल्यावर परिसंवाद संगणकजालावरून होऊ लागले. ‘वेबिनार’ हा शब्द तेव्हा महाविद्यालयांत रूढ झाला. प्रवासखर्च वाचला व अंतराचा अडसर दूर झाला. तथापि श्रोत्यांची संख्या वाढली म्हणजे संशोधन वाढले, असे होत नाही. संशोधनास मूळ कागदपत्रे लागतात. १९६२ च्या युद्धावरील हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल शासनाने अद्याप अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. मराठीत या विषयाची परिभाषा व ग्रंथसंपदाही अपुरी आहे. पारतंत्र्यात जबाबदारी नसल्याने माहिती मिळत नव्हती. लोकशाहीत जबाबदारी नागरिकांकडे आली आहे. त्यांना माहितीही उपलब्ध झाली, तरच दूरस्थ परिसंवादांचे खरे प्रयोजन साधेल.