मोटन हायस्कूलचा संप

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल गावी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी २३ एप्रिल १९५१ रोजी पुकारलेला संप. तेथे गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. सुमारे १८० मुलांसाठी १९३९ मध्ये बांधलेल्या रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूलमध्ये तोवर साडेचारशेवर मुले झाली होती. प्रिन्स एडवर्ड काउंटीने आवारात डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोल्या उभारून वेळ मारून नेली. पावसात त्या गळत.

सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने निवडक सोबत्यांसह गुपचूप बेत आखला. बसस्थानकावर मुले अडचणीत आहेत, असा खोटा फोन करून मुख्याध्यापकांना बाहेर काढले, त्यांच्या नावाने चिठ्ठ्या धाडून सारी शाळा सभागृहात जमवली, शिक्षकांना बाहेर जायला सांगितले आणि संप जाहीर केला. मोठ्यांवर बालंट येऊ नये, हाही हिशेब असावा. पुढे मुख्याध्यापकांची नोकरी गेलीच. बार्बराला घरच्यांनी सुरक्षिततेसाठी अलाबामात काकांकडे पाठवले.

मुलांना हवी होती फक्त चांगली इमारत. ऑलिव्हर हिल व स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी मात्र वेगळ्या शाळांची पद्धतच मोडण्यासाठी दावा लावणार असाल तरच वकीलपत्र घेऊ, अशी अट घातली. तसा दावा मे महिन्यात दाखल झाला. ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या नावाखाली एकत्र आलेल्या दाव्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून निघालेला हा एकच. मधल्या काळात, १९५३ मध्ये, मुलांनी मागितलेली नवी इमारत काउंटीने दिली. पण तीही फक्त काळ्या मुलांसाठी. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा वेगळ्या शाळा एकमताने घटनाबाह्य ठरवल्या.

निकालाची खरी किंमत फार्मव्हिलनेच मोजली. एकत्र शाळा चालवण्यापेक्षा काउंटीने १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावले. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांपैकी काही नातलगांकडे परगावी गेली, काही चर्चमधल्या तात्पुरत्या वर्गांत बसली, अनेकांचे शिक्षण कायमचे सुटले. कुलूप निघायला १९६४ मधला सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल लागला.

१९३९ च्या त्या इमारतीत आता संग्रहालय आहे.