वेसकराची साक्ष आणि आमच्या दारावरची बेल



मागच्या महिन्यात आम्ही आमच्या डोणगावच्या घराला व्हिडिओ डोअरबेल बसवली. बटण दाबले की घरात घंटी वाजते, मोबाईलवर दारातला माणूस दिसतो, त्याचे बोलणे ऐकू येते आणि आपल्यालाही आतून बोलता येते. कुणी बटण न दाबता नुसते दारासमोर आले, तरी ते चित्रित होते. मेहकर तालुक्यातल्या एका गावात, तेही आमच्या वस्तीत, ही वस्तू पाहून लोकांनी बरेच काही ऐकवले. कुणी म्हणाले, "साहेब झाले आता!" चळवळीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने गंभीरपणे विचारले, "हे भांडवलदारांचे खेळणे आपल्या दारावर कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोन भागांत देतो. आधी कारण, मग इतिहास.

कारण असे. गेल्या वर्षी भीमजयंतीच्या मिरवणुकीनंतर रात्री चार-पाच जण आमच्या दारावर आले. दारावर लाथा मारल्या, जातीवरून शिव्या दिल्या आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "साक्षीदार कोण?" शिव्या अख्ख्या गल्लीने ऐकल्या होत्या, पण नाव द्यायला कुणी तयार नव्हते. आम्ही त्यांना दोष देत नाही. ज्याच्या शेतात उद्या रोजाने जायचे आहे, त्याच्या मुलाविरुद्ध साक्ष द्यायची तर पोटाचा विचार करावा लागतो. प्रकरण तिथेच थांबले. तेव्हापासून 'साक्षीदार कोण?' हा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही, त्यामागे शेकडो वर्षांचा इतिहास आहे.

ज्याने वेस राखली, त्यालाच उंबरा बंद

गावगाड्यात महाराकडे कोणती कामे होती? गावाची राखण, आल्यागेल्याची खबर, सांगावा पोहोचवणे, सरकारी माणसाच्या पुढे धावणे आणि वेशीवर पहारा. म्हणून त्याला वेसकर म्हणत. गावात कोण शिरले, कोण बाहेर पडले, हे सगळ्यात आधी त्याला कळे. आजच्या भाषेत सांगायचे तर गावाचा कॅमेरा तोच होता. शेताच्या किंवा गावाच्या हद्दीचा वाद पेटला, की हद्द कुठून जाते हे महारालाच विचारत आणि त्याची साक्ष मानली जाई.

आता यातली मेख बघा. दुसऱ्याच्या जमिनीची हद्द सांगताना ज्याचा शब्द खरा, त्याचा स्वतःवरच्या अन्यायाबद्दलचा शब्द मात्र खोटा. ज्याने रात्रभर वेस राखायची, त्याने सकाळी भाकरीसाठी दारोदार जायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, जोहार घालायचा आणि वरून टाकलेले झेलायचे. त्याचे स्वतःचे घर गावकुसाबाहेर. ज्या कुसाची राखण करायची, त्या कुसाच्या आत त्याला राहता येत नव्हते.

या इतिहासाचा सगळ्यात मोठा साक्षीदार आमच्याच बुलढाणा जिल्ह्याचा आहे. चोखामेळ्यांचे जन्मगाव म्हणून देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा ओळखले जाते. परंपरा सांगते की १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम सुरू असताना ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा मजुरांसोबत गाडले गेले. ज्या भिंतीने त्यांना बाहेर ठेवले, तीच बांधताना त्यांचा जीव गेला. त्यांची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारासमोर आहे, म्हणजे मरणानंतरही दाराबाहेरच. बाबासाहेबांनी १९४८ साली आपला अस्पृश्यांच्या मूळविषयक इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. पण त्यांनी आपल्याला दाराशी बसून आळवणी करायला शिकवले नाही, हे विसरता कामा नये.

वतनाच्या गुलामीवर पहिला कायदेशीर घाव बाबासाहेबांनीच घातला. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वतनदार महाराला रात्री-अपरात्री केव्हाही कामाला बोलावता येते आणि तो नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला जुंपले जाते, हे त्यांनी सभागृहात मांडले. आमचे वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, कायदा वेगळा होता. पण राखणदाराला दाराबाहेर ठेवण्याची रीत इथेही तीच होती.

दार कुणाचे, काठी कुणाची

दाराचा इतिहास बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यातही आहे. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, तेव्हा पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघण्याच्या तयारीत असताना काठ्या घेतलेले डझनभर पारशी त्यांच्या खोलीपुढे येऊन उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस त्या दिवशी शहरातल्या बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. हे आपल्याला कशामुळे माहीत आहे? त्यांनी स्वतः ते लिहून ठेवले म्हणून. खोलीच्या दारात काय घडले, याची त्यांची स्वतःची साक्ष उरली.

पुढे २ मार्च १९३० रोजी नाशिकला हजारोंचा मोर्चा काळाराम मंदिरावर गेला, तेव्हा दरवाजे बंद करून घेतले होते. सत्याग्रही मंदिराच्या चारही दरवाजांवर बसले. तो लढा पाच वर्षे चालला.

याच काळात पहाऱ्याची आणखी एक व्यवस्था उभी होती. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. आपल्या भटक्या भावंडांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती केल्या. रोज हजेरी, बाहेर जायला परवाना. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालावर घेण्याची सवय अजून गेलेली नाही.

म्हणजे आजवर आपल्या वाट्याला दोनच भूमिका आल्या. एक, दुसऱ्यासाठी पहारा करणारा. दुसरी, ज्याच्यावर पहारा ठेवायचा तो. स्वतःच्या दारात उभे राहून "कोण आहे?" असे विचारण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही.

ही बेल कुणाच्या डोक्यातून आली?

आता भांडवलदारांच्या खेळण्याकडे येऊ. बाजारात ही वस्तू अमेरिकी कंपन्यांनी आणली हे खरे. पण कल्पना कुणाची? न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या कृष्णवर्णीय परिचारिकेची. तिच्या कामाच्या वेळा आडनिड्या, नवरा आल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, तोही वेळी-अवेळी घराबाहेर. वस्तीत गुन्हे वाढलेले आणि बोलावले तर पोलीस वेळेवर येत नसत. अशा वेळी दार वाजले तर घरात एकट्या बाईने काय करायचे?

दोघांनी १ ऑगस्ट १९६६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळाले. रचना अशी होती : दारावर वेगवेगळ्या उंचीवर चार भोके, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत टीव्हीचा पडदा, बाहेरच्याशी बोलायला माईक आणि स्पीकर, ओळखीचा असेल तर दूरूनच दार उघडायचे बटण आणि धोका असेल तर इशारा देणारे दुसरे बटण. आज आमच्या भिंतीवर जे आहे, त्याचा पाया हाच. नंतरच्या अनेक पेटंटांमध्ये या पेटंटाचा उल्लेख आहे.

त्याच १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली. तिचे कार्यकर्ते पोलिसांच्या गस्तीमागे जाऊन पोलीस आपल्या वस्तीत कसे वागतात यावर नजर ठेवत. त्या नावाची प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते. हे नाते जुने आहे. तेव्हा या बेलला परके म्हणण्याआधी, ती आपल्यासारख्याच एका वस्तीतल्या बाईच्या भीतीतून आणि हुशारीतून जन्मली, हे लक्षात घ्या.

कायद्यात उंबऱ्याची किंमत

तरुण मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ प्रमाणे जातीवाचक शिवीगाळीचा गुन्हा होण्यासाठी ती 'लोकांच्या नजरेस येईल अशा ठिकाणी' झालेली असावी लागते. २००८ साली स्वर्ण सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घराबाहेरची, रस्त्यावरून किंवा गल्लीतून दिसणारी जागा अशी मानता येते. २०२० साली हितेश वर्मा खटल्यात मात्र चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागू होत नाही, असे ठरले. म्हणजे शिवी उंबऱ्याच्या आत दिली की बाहेर आणि तिथे कोण होते, यावर अख्खा खटला उभा राहू शकतो किंवा पडू शकतो.

कॅमेरा म्हणजे 'लोक' नव्हेत, हा गैरसमज नको. पण घटना दारात घडली की गल्लीत, वेळ कोणती, समोर आणखी कोण उभे होते, हे कॅमेरा दाखवतो. भीतीने गप्प बसलेल्या साक्षीदाराला एकट्याने सगळा भार उचलावा लागत नाही.

पण चित्रण आहे म्हणून काम झाले, असेही नाही. यासाठी शेजारच्या जालन्याचा खटला पाहा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाले, असा दावा कैलास गोरंट्याल यांनी केला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी ठरले की मूळ उपकरण हजर केले नसेल, तर चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून हा नियम भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलचा हॅश क्रमांक लिहावा लागतो. फाईलमध्ये जराही बदल झाला तर तो क्रमांक बदलतो.

म्हणून घटना घडली की व्हिडिओ ताबडतोब वेगळा साठवा, कारण मेमरी कार्ड भरले की जुने आपोआप पुसले जाते. मूळ कार्ड काढून जपून ठेवा. व्हिडिओला गाणे लावून, कापून व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. स्टेटस ठेवण्याआधी फिर्याद द्या. आणखी एक. याच अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५अ(१०) प्रमाणे या गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे व्हिडिओ चित्रण व्हायला हवे. तो आपला हक्क आहे, मागून घ्या.

नवे वेसकर होऊ नका

शेवटी सहकाऱ्याच्या आक्षेपातले जे खरे आहे, ते मान्य करतो. नजर ही सत्ता आहे. २०२३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या डोअरबेल कंपनीवर आरोप ठेवला की तिच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ पाहता येत होते. कंपनीने ५८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. त्यामुळे आम्ही चित्रण कंपनीच्या सर्व्हरवर न पाठवता घरातल्या कार्डावर ठेवतो. सोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला. कॅमेरा छातीच्या उंचीवर, थोडा खाली झुकवून लावला, म्हणजे समोरच्या काकूंची मोरी आणि अंगण त्यात येत नाही. दुसऱ्याच्या घरातल्या बायाबापड्यांवर नजर ठेवायची असेल, तर आपल्यात आणि गावगाड्यात फरक काय राहिला?

आणि सगळ्यात महत्त्वाचे. शहरांतल्या सोसायट्यांत हाच कॅमेरा कामवाल्या बाईला, कचरा नेणाऱ्या भावाला, डिलिव्हरीच्या पोराला दाराबाहेर ताटकळत ठेवायला वापरला जातो. आपल्यातले काही शिकून फ्लॅटमध्ये गेलेले लोकही तेच करतात. शेकडो वर्षे उंबऱ्याबाहेर उभे राहिलेल्यांच्या नातवंडांनी दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर उभे करावे, यासारखी शोकांतिका नाही.

परवा भर दुपारी बेल वाजली. आम्ही मेहकरला होतो. मोबाईलवर दिसले, पार्सल घेऊन आलेला एक पोरगा घामाघूम होऊन दारात उभा होता. आम्ही काही बोलायच्या आत आमच्या मायचा आवाज आला, "कोन होय रे बाबू? उन्हात काहून उभा? ये, आत ये, पानी पे." तिने मोबाईल पाहिलाही नव्हता, सरळ दार उघडले होते.

दारावर आमची साक्ष असेल आणि दार उघडायचे की नाही हेही आम्हीच ठरवू. बेल लावा अगर लावू नका, पण हा अधिकार सोडू नका.

जय भीम! जय संविधान!