टॅकोमा नॅरोज पूल : ‘अनुनाद’ या स्पष्टीकरणाविषयी

* अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातला हा पूल अनुनादाने, म्हणजे बाह्य बलाची लय रचनेच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळल्याने, कोसळला असे पाठ्यपुस्तके सांगत आली असली, तरी ते स्पष्टीकरण मान्य करता येत नाही. ७ नोव्हेंबर १९४० च्या वाऱ्यात पुलाच्या कडेवरून भोवरे सेकंदाला सुमारे एकदा सुटत असावेत असे गणित सांगते. ८५३ मीटरांचा मुख्य गाळा मात्र साधारण पाच सेकंदांतून एकदा पिळवटत होता. हा पीळच वाऱ्याचे बल बदलत होता आणि दर आवर्तनात वाऱ्यातली इतकी ऊर्जा ओढून घेत होता, की अवमंदन, म्हणजे कंपने शमवणारा रचनेचा अंगभूत विरोध, अपुरे पडले. १९५० मध्ये तेथेच झालेल्या पुलाला, प्रतिकृतीवरील वायुबोगद्यातील चाचण्यांनंतर, सुमारे १० मीटर खोलीचे पोलादी ट्रस दिले गेले. — संपादक