पपईचा चीक आणि जंतांवरचा इलाज

जंतांवर पपई द्यावी हा उपाय घरोघरी इतका रुळला आहे की तो आयुर्वेदाइतका जुना असावा, असा समज सहज होतो. परंतु पपई मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील असल्याने चरक-सुश्रुतांच्या कृमिचिकित्सेत, म्हणजे पोटातील जंतांवरील उपचारांत, वावडिंग आढळते, पळसाच्या बिया आढळतात, पपई मात्र आढळत नाही. 1583 पासून काही वर्षे गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने 1596 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे फळ स्पॅनिश अमेरिकेतून फिलिपाइन्स, मलाक्का असा प्रवास करीत हिंदुस्थानात आल्याचे नोंदविले आहे.

हिंदुस्थानातील इंग्रज वैद्यकाच्या ग्रंथांत या उपायाला जागा मिळाली ती मॉरिशसच्या आधाराने. जॉन फ्लेमिंग याने 1810 मध्ये पपईच्या चिकाचा जंतनाशक गुण सांगताना, त्या बेटावर राहिलेल्या कोसिन्यी या फ्रेंच लेखकाने नोंदविलेल्या एका रुग्णाचा दाखला दिला. पुढे 1857 मध्ये बूतों याने मॉरिशसच्या वनौषधींवरील पुस्तकात उपचाराची रीतच दिली: ताजा चीक मधात घोटून त्यात उकळते पाणी घालावे, निवल्यावर ते पिण्यास द्यावे आणि दोन तासांनी एरंडेल द्यावे. या रीतीत मोठी समज दिसते, कारण चिकाने निर्बल झालेला जंत बाहेर पडण्यासाठी रेचकाची, म्हणजे पोट साफ करणाऱ्या औषधाची, जोड लागते. हा उपाय मुख्यतः गोल जंतांवर चालतो, पट्टकृमीवर त्याचा विशेष प्रभाव पडत नाही, ही मर्यादाही त्याच काळात नोंदली गेली आणि ती प्रामाणिक नोंद आजच्या अनेक लोकप्रिय दाव्यांहून अधिक मोलाची आहे.

कारणाचा उलगडा नंतर झाला. 1879 मध्ये वुर्त्झ व बूशू यांनी चिकातून पपेन हे प्रथिन पचविणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य, वेगळे केले. आणि गोल जंताचे बाह्य कवच प्रथिनांचेच असल्याने असली विकरे ते झिजवितात, त्यामुळे आतील दाबाने जंत फुटतो, हे विसाव्या शतकापासूनच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. बियांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील तिखट द्रव्य मोहरीतील द्रव्याच्या कुळातले असून, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नायजेरियातील चाचणीत वाळलेल्या बिया मधातून दिलेल्या 30 मुलांपैकी 23 जणांच्या विष्ठेतून परजीवी नाहीसे झाले, तर नुसता मध दिलेल्या 30 पैकी 5 जणांत तसे घडले. निष्कर्ष आशादायक आहे, परंतु 60 मुलांच्या एका चाचणीवर औषधयोजना उभी राहत नाही.

कच्च्या फळाच्या चिकात विकराचे प्रमाण सारखे नसते, तो पोटाला झोंबतो आणि गर्भवतीने तर तो टाळावाच. म्हणून मुलांना जंत झाल्यास घरी चीक पाजू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्बेंडाझोलची गोळी द्यावी, जी 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा व अंगणवाड्यांत मोफत मिळते.