दीर्घकालीन थकवा : पुढची वाटचाल

विश्रांतीने न जाणारा, सहा महिन्यांहून अधिक टिकणारा आणि रोजच्या कामाला खीळ घालणारा थकवा. या नोंदीत त्याच्या कारणांपेक्षा पुढच्या वाटचालीचा विचार केला आहे : तो बरा होतो का, किती जणांचा होतो, आणि परभणी जिल्ह्यातील जिंतूरसारख्या कोरडवाहू तालुक्यात राहणाऱ्याच्या वाट्याला नेमके काय येते.

भवितव्य ठरते ते थकवा कशाचा आहे यावर. ‘अंगात त्राण नाही’, ‘हातपाय गळून जातात’, ‘सारखी कणकण असते’ अशा तक्रारींमागे रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह, क्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा नैराश्य असू शकते. यांपैकी बहुतेकांवर उपचार आहेत आणि साध्या तपासण्यांतून त्यांचा पत्ता लागतो. लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या तर महिना-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन चढू लागते. तपासणी न करता ‘ताकदीची’ सलाइन लावून घेण्याची रीत मात्र खेड्यापाड्यांत घट्ट रुजली आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. तेवढी चहातूनही मिळते.

सर्व तपासण्या ठीक येऊनही थकवा हटत नाही, तेव्हा दीर्घकालीन थकवा संलक्षणाचा विचार करावा लागतो. हे नाव अमेरिकेत १९८८ मध्ये रूढ झाले. त्याआधी, १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात कर्मचाऱ्यांमध्ये पसरलेल्या साथीवरून ब्रिटनमध्ये ‘मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’ हे नाव पुढे आले होते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने दिलेल्या निकषांत श्रमानंतरची ढासळण हे मुख्य लक्षण मानले आहे. जोडीला झोपूनही ताजेतवाने न वाटणे, आणि विचारांत गोंधळ किंवा उभे राहिल्यावर त्रास वाढणे, हेही लागते. श्रमाची किंमत लगेच दिसत नाही. सोमवारी दिवसभर कापूस वेचला तर अंथरूण धरण्याची वेळ मंगळवारी किंवा बुधवारी येते. ‘काल तर चांगली धडधाकट होतीस’ हे घरच्यांचे बोलणे या उशिरामुळेच ऐकावे लागते. आजाराचे निदान करणारी एकही रक्ततपासणी अजून नाही, त्यामुळे रुग्णाच्या हाती पुरावा म्हणून द्यायला कागद नसतो.

पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण कमी आहे. केर्न्स आणि हॉटॉफ यांनी २००५ मध्ये घेतलेल्या आढाव्यात प्रौढ रुग्णांपैकी सुमारे ५ टक्के पूर्ण बरे झाल्याचे, तर सुमारे ४० टक्क्यांत सुधारणा झाल्याचे मध्यम आकडे निघाले. दोन्हींमधले अंतर लक्षात घ्यावे : सुधारणा बऱ्याच जणांत होते, मात्र आजारापूर्वीचा जोम क्वचित परततो. आजार चढउतारांचा असतो, आणि सुमारे एकचतुर्थांश रुग्ण कधी ना कधी घराबाहेर पडू शकत नाहीत किंवा अंथरुणाला खिळतात. मुलांचे चित्र बरेच उजळ आहे. मेलबर्नमधील डॉ. कॅथरीन रो यांनी ७८४ किशोरवयीन व तरुण रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला, तेव्हा पाच वर्षांनी ३८ टक्के आणि दहा वर्षांनी ६८ टक्के रुग्णांनी आपण बरे झाल्याचे सांगितले. शाळा सुटलेल्या मुलीच्या आईवडिलांना डॉक्टरने हा आकडा जरूर सांगावा.

मराठवाड्याच्या दृष्टीने तापानंतरच्या थकव्याला विशेष महत्त्व आहे. चिकुनगुन्याची साथ १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत येऊन गेली. नंतर तीन दशके हा आजार देशात जवळपास विसरला गेला, आणि २००५-०६ मध्ये परतला तेव्हा महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र होरपळले. ताप आठवड्यात उतरला, तरी अनेकांचे गुडघे, घोटे, मनगटे महिनोन्‌महिने धरलेली राहिली. चिकुनगुन्याच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद म्हणजे ऑस्ट्रेलियातील रॉस रिव्हर विषाणू. त्या देशातील डबो या ग्रामीण गावाच्या परिसरात रॉस रिव्हर, एपस्टाइन-बार विषाणू आणि क्यू-ताप यांच्या २५३ रुग्णांवर लक्ष ठेवण्यात आले. २००६ च्या त्या अहवालानुसार सहा महिन्यांनंतर १२ टक्के रुग्णांना कामात अडथळा आणणारा थकवा उरला होता. कोणाला उरेल, हे मुख्यतः मूळ आजार किती जोराचा होता यावर ठरले. वय, लिंग किंवा मनाची आधीची स्थिती यांवर नव्हे. ‘मनाचे खेळ’ म्हणून रुग्णाला घरी पाठवणाऱ्यांनी हा निष्कर्ष वाचायला हवा. कोविडनंतर रेंगाळलेल्या थकव्याने तोच प्रश्न पुन्हा पुढे आणला.

दुसरी बाजू गोव्याने दाखवली. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी तिथे एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातील १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रियांची पाहणी केली. २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १२.१ टक्के स्त्रियांना दीर्घकालीन थकवा आढळला. त्याचा संबंध कमी शिक्षण, घरावरचे कर्ज, मागच्या तीन महिन्यांत पडलेली उपासमार, नवऱ्याकडून होणारी लैंगिक हिंसा आणि मानसिक त्रास यांच्याशी होता. हिमोग्लोबिनशी आढळला नाही. यावरून लोहाच्या गोळ्या बंद कराव्यात असा अर्थ कोणी काढू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. मात्र गोळ्यांची पट्टी हाती ठेवून घरातली भूक आणि मारहाण न विचारणाऱ्या दवाखान्याचे काम अर्धेच झाले, असे म्हणावे लागते.

उपचारांत गेल्या दशकात मोठा पालट झाला. हळूहळू व्यायाम वाढवत न्यावा, हा सल्ला २०११ च्या पेस चाचणीच्या आधारे जोरात दिला जात असे. चाचणीच्या पद्धतीवर कडाडून टीका झाली. ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत असा ठरीव चढता व्यायाम देऊ नये, असे सांगितले. आता भर आहे तो अंगात असलेल्या शक्तीच्या मर्यादेत काम बसवण्यावर : श्रमाचे तुकडे पाडणे, मध्ये पाठ टेकणे, चांगल्या दिवशीही हात राखून ठेवणे. औषधे झोप, वेदना अशा लक्षणांपुरती.

हा सल्ला शेतावर नेला की अडतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे पाठ टेकली की वजन घटते. परभणी जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने अंग टाकले की दोघांचा खाडा पडतो, आणि खाड्याचा दंड अनेकदा दिवसाच्या कमाईहून जास्त असतो. उचल फिटेपर्यंत विश्रांती हाच तोटा. रोग तोच असला तरी पगारी रजा असलेल्या शिक्षिकेची आणि कोयत्यावरच्या बाईची पुढची पाच वर्षे सारखी जाणार नाहीत, आणि शहरी रुग्णालयांत घडलेल्या अभ्यासांचे आकडे हा फरक टिपत नाहीत.

सरकारी आधारही तोकडा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या आजाराचे नाव नाही. बहुविध काठिण्य किंवा कंपवात असलेल्याला प्रमाणपत्राची वाट तरी आहे. या आजाराच्या रुग्णाने जिंतूरहून परभणी, नांदेड किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंतच्या खेपा मारल्या तरी हाती पडतात ते ‘नॉर्मल’ शिक्क्याचे अहवाल. शिवाय प्रत्येक खेपेतील एसटीचा प्रवास आणि ओपीडीतील रांग हे श्रमच असतात, आणि त्यांची ढासळण पुढचे दोन दिवस भोगावी लागते.