एकविसावा रकाना

इतिहास म्हटला म्हणजे तो निदान शंभर वर्षे जुना असावा, त्यात एखादी लढाई असावी आणि त्या लढाईत कोणीतरी फितूर झालेला असावा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. आम्ही ज्या घटनेविषयी सांगणार आहोत ती १९ जुलै २०२४ ची आहे. तीत लढाई नाही, शत्रू नाही, फितुरीही नाही. तरीही त्या एका दिवसात जगातील विमानतळ, रुग्णालये, बँका व दूरचित्रवाणी केंद्रे यांचा कारभार असा काही खोळंबला की, संगणकयुगातील सर्वांत मोठा खोळंबा असे त्याचे वर्णन अनेक जाणकारांनी केले. आणि तो घडवून आणला तो चोराने नव्हे, राखणदाराने!

दिवस शुक्रवारचा होता. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात सकाळच्या सत्राचे लिलाव ज्या सुमारास चालू असतात, तीच ही वेळ. त्या मिनिटाला अमेरिकेतील क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ नावाच्या संरक्षक सॉफ्टवेअरसाठी एक लहानशी फाईल जगभरच्या ग्राहकांकडे रवाना केली. चोरांच्या नव्या युक्त्या ओळखता याव्यात म्हणून अशा फाईली ही कंपनी वरचेवर पाठवीत असे. त्यात नवे काही नव्हते. मात्र ही फाईल सदोष निघाली. चूक ध्यानात येऊन १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेण्यात आली. म्हणजे सारा प्रकार अवघ्या ७८ मिनिटांचा. परंतु तेवढ्या अवधीत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख संगणक बंद पडले होते. पडदा निळा होई, यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई, आणि पुन्हा निळे होऊन बसे.

ब्रिटनमध्ये एक वृत्तवाहिनी काही काळ बंद पडली आणि डॉक्टरांना रोग्यांची टिपणे उघडता येईनात. अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीची सुमारे ७ हजार उड्डाणे पुढील काही दिवसांत रद्द झाली. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद येथील विमानतळांवर रांगा लागल्या. इंडिगो, स्पाइसजेट, अकासा यांच्या कर्मचाऱ्यांनी हाती पेन घेतले आणि प्रवाशांना चक्क हाताने लिहिलेले प्रवेशपास दिले. ज्या पिढीने विमानाचे तिकीट कधी कागदावर पाहिलेच नव्हते, तिने त्या पासांची छायाचित्रे मोठ्या कौतुकाने एकमेकांना पाठविली.

आता चूक नेमकी काय होती? ती समजण्यासाठी संगणकशास्त्र यावे लागत नाही. काटापट्टी पाहिलेली असली म्हणजे पुरे. अशी कल्पना करा की, एका पट्टीत २० रकाने छापलेले आहेत, आणि कारकुनाला मात्र हुकूम आहे की, २१ वा रकाना वाचून दाखव. आपला कारकून काय करील? पट्टी उलटीपालटी करून पाहील, शेजाऱ्याला विचारील, ‘रकानाच नाही साहेब’ म्हणून मोकळा होईल आणि पुढचा ट्रॅक्टर बोलावील. फाल्कनमध्ये अक्षरशः असाच घोळ झाला. नव्या नमुन्यात २१ रकाने गृहीत धरलेले, आणि प्रत्यक्षात माहिती पुरविली जात होती २० रकान्यांची. हा दोष काही महिने आत दडून होता. तोवरच्या फाईलींत २१ व्या रकान्यापुढे ‘काहीही चालेल’ असेच लिहिलेले असल्याने तेथे पाहण्याची पाळीच आली नव्हती. १९ जुलैच्या फाईलीने प्रथमच तेथे पाहावयास सांगितले. फाईल बाहेर पडण्यापूर्वी तपासणारी जी यंत्रणा होती तिच्यातही दोष होता, आणि तिने ‘ठीक आहे’ असा शेरा मारून टाकला.

यंत्राला कारकुनासारखे खांदे उडविता येत नाहीत. त्यातून हा राखणदार संगणकाच्या दारावर उभा नव्हता. त्याला थेट गाभ्यात जागा दिलेली होती. चोर कोठूनही शिरला तरी दिसावा म्हणून ही सोय. पण गाभ्यात वावरणाऱ्याने नसलेल्या जागी हात घातला म्हणजे अधिक नासाडी होऊ नये म्हणून विंडोज ही प्रणाली सगळेच काम थांबविते. गाभ्यातील राखणदार अडखळला तर घरच बंद!

कंपनीने फाईल मागे घेतली तरी बंद पडलेल्या यंत्रांना त्याचा उपयोग नव्हता, कारण ती नवी फाईल घेण्याइतका वेळ जागीच राहत नव्हती. असंख्य ठिकाणी माणसाला यंत्रापाशी जावे लागले, ते मर्यादित अवस्थेत सुरू करावे लागले, आणि ती एक फाईल हाताने पुसावी लागली. ज्यांनी अधिक सावधगिरीने सारी माहिती कुलूपबंद ठेवली होती, त्यांना आधी त्या कुलपाची लांबलचक किल्ली शोधावी लागली. काही कचेऱ्यांची किल्ल्यांची यादी बंद पडलेल्याच संगणकात होती, हे ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही.

येथे एक शंका येते. विंडोजवर चालणाऱ्या एकूण संगणकांत हे ८५ लाख एक टक्काही नव्हते. मग एवढा आकांत कशाने? लासलगावकरांना याचे उत्तर बाहेरच्या कोणी सांगावयास नको. १९४७ साली स्थापन झालेली ही बाजार समिती देशातील शेकडो समित्यांपैकी एक. पण येथे भाव फुटला म्हणजे तो दूरदूरच्या बाजारांत पोहोचतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, त्याच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातील लिलाव काही दिवस थांबले, आणि त्याची चर्चा थेट दिल्लीपर्यंत गेली. महत्त्व संख्येला नसते, जागेला असते. असे महागडे संरक्षण घेतात त्या मोठ्या संस्था. घरच्या संगणकाला त्या दिवशी काहीच झाले नाही. जे अधिक जपत होते तेच सापडले, आणि सारे एकाच राखणदाराच्या भरवशावर असल्याने एकाच वेळी सापडले. पूर्वी गावोगाव जागल्या असे. एका गावचा जागल्या आजारी पडला तर त्या रात्री तेवढे एक गाव उघडे पडे.

हे प्रथमच घडले असेही नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या कंपनीच्या सदोष अपडेटने विंडोजचीच एक आवश्यक फाईल विषाणू समजून पकडली, आणि जगभर असंख्य संगणक बंद पडले. त्या वेळी त्या कंपनीचे तंत्रप्रमुख जॉर्ज कुर्ट्झ होते. पुढे क्राउडस्ट्राइकच्या संस्थापकांत तेच होते, आणि २०२४ मध्ये तिचे प्रमुखही तेच. आम्ही त्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. चौदा वर्षांत माणूस तोच राहिला आणि नवी फाईल एकदम सर्वांना पाठविण्याची रीतही तीच राहिली, एवढेच नोंदवितो. ही रीत बदलून टप्प्याटप्प्याने पाठविण्याचे कंपनीने या घटनेनंतर ठरविले.

भारतीय बँका त्या दिवशी बहुतांशी बचावल्या. रिझर्व्ह बँकेने सांगितले की, केवळ १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला, कारण हे सॉफ्टवेअर आपल्याकडे थोड्याच बँका वापरीत होत्या. यावर पुष्कळांनी समाधानाचा सुस्कारा सोडला. आम्हांला ते समाधान थोडे उतावळेपणाचे वाटले, कारण ते दोन आठवडेही टिकले नाही. ३१ जुलै रोजी, सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाल्याचे उघड झाले आणि राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिची जोडणी तोडली. सुमारे ३०० लहान बँकांचे पैसे पाठविण्याचे व्यवहार थांबले. येथे शत्रू होता, तेथे नव्हता. पण एका खांबावर तीनशे घरे, ही रचना तीच होती. जोडणी १ ऑगस्टला पूर्ववत झाली.

कांद्याचा लिलाव आजही तोंडी पुकारता येतो. पट्टीचे पैसे मात्र कोठल्या ना कोठल्या बँकेतूनच यावयाचे असतात. ती बँक कोणाच्या यंत्रणेवर चालते, आणखी किती बँका त्याच यंत्रणेवर आहेत, आणि ती दोन दिवस थांबली तर कोणत्या वहीत पाहून पैसे द्यावयाचे, हे प्रश्न सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत कोणी विचारल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. सभासद लाभांश किती टक्के ते विचारतात, अध्यक्ष आकडा सांगतात, आणि चहा येतो.